जंतू मेला, नस वाचली का?

कुष्ठरोगाच्या जंतूइतका मंद जंतू वैद्यकाला क्वचितच भेटतो. पटकीचा जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतो; मायकोबॅक्टेरियम लेप्रीला तेवढ्यासाठी बारा ते चौदा दिवस लागतात. त्याच्याकडे कोणतेही ज्ञात विष नाही. नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ड आर्मौअर हॅन्सनने १८७३ मध्ये तो प्रथम पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या कुठल्याही खाद्यावर त्याला वाढवणे आजतागायत कोणालाही जमलेले नाही. १९६० मध्ये तो उंदराच्या तळपायात वाढला, १९७१ मध्ये आर्माडिलो या अमेरिकी प्राण्यात, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच: त्याला थंडावा लागतो. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला. वाचलेला वाण मूळचा तमिळनाडूचा होता. क्षयाच्या जंतूकडे चार हजारांच्या आसपास चालू जनुके, तर याच्याकडे जेमतेम सोळाशे; अकराशेहून अधिक जनुके मोडून पडलेली. स्वतःचे पोट भरण्याची अर्धीअधिक सोय घालवून बसलेला हा जीव दुसऱ्याच्या पेशीत राहिल्याशिवाय जगू शकत नाही.

एवढ्या दुबळ्या जंतूने माणसाचे हात, पाय आणि डोळे हजारो वर्षे निकामी केले, ते कसे? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पेशीच्या पातळीवर बरेचसे मिळाले आहे. ते उत्तर गंभीरपणे घेतले, तर कुष्ठरोग ‘बरा झाला’ असे आपण ज्या हिशेबाने म्हणतो तो हिशेबच चुकीचा ठरतो, असे माझे म्हणणे आहे. आपण जंतू मोजतो. माणूस जन्मभर जे भोगतो ते मात्र नसेत घडलेले असते.

आपली पहिली चूक रोगाच्या जागेची आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत कुष्ठरोग त्वचा विभागात असतो. सरकारी भित्तिपत्रकांवर चट्टा असतो. लोकांच्या बोलण्यात बोटे ‘झडतात’. यातला चट्टा खरा आहे, पण तो या रोगाचा दर्शनी भाग आहे. बोटे झडत तर मुळीच नाहीत. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड या शल्यविशारदाने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून हे दाखवून द्यायला सुरुवात केली. जंतू बोटाचे मांस खात नाही. बोटाला दुखणे कळेनासे होते, मग चटका, काप, घासा, जंतुसंसर्ग असे एकामागून एक होत बोट आखडत जाते. ब्रँडच्या रुग्णांपैकी काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळले, की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. त्यानंतर रुग्णांना घरी पाठवताना सोबत मांजर देऊ लागले. कुष्ठरोगाच्या साऱ्या वाङ्मयात या मांजरांइतका शहाणा उपाय मला दुसरा दिसलेला नाही.

म्हणजे प्रश्न नसेचा आहे. नस म्हणजे कण्याजवळ बसलेल्या चेतापेशींचे लांबच लांब तंतू. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक तंतू मीटरभर लांब असतो. एवढा लांब तंतू स्वतःच्या बळावर जगत नाही. त्याला वाटभर सांभाळणाऱ्या पेशी असतात, त्या श्वॅन पेशी. जाड तंतूंभोवती प्रत्येक श्वॅन पेशी चरबीयुक्त पापुद्र्याचे वेढे घालते. त्या वेष्टनाला मायलिन म्हणतात आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतो. बारीक तंतूंना असे वेष्टन नसते, एकच श्वॅन पेशी अनेक बारीक तंतू पोटाशी धरून बसते. ऊन-थंड आणि वेदना यांची खबर मुख्यतः हेच बारीक तंतू आणतात. घाम आणणारे तंतूही याच जातीचे.

जंतूचा मुक्काम या श्वॅन पेशींत असतो. परिघीय नसांत मुक्काम करण्याची अशी सवय दुसऱ्या रोगजंतूंत जवळजवळ आढळत नाही. त्यामागचे रसायन १९९७ ते २००० या काळात अनुरा रामबुक्काना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात उलगडले. श्वॅन पेशीभोवती प्रथिनांचे एक पातळ अस्तर असते आणि त्यात लॅमिनिन-२ नावाचे प्रथिन असते. त्याची एक साखळी शरीरात मोजक्याच ठिकाणी सापडते, आणि नस हे त्यातले एक. जंतूच्या अंगावर पीजीएल-१ नावाचा, टोकाला तीन शर्करा असलेला एक स्निग्ध पदार्थ आहे. तो फक्त याच जंतूकडे असतो आणि नेमका त्या साखळीला चिकटतो. तिथून पेशीच्या पृष्ठभागावरच्या डिस्ट्रोग्लायकन या ग्राहीमार्फत जंतू आत शिरतो. आर्माडिलोंवरच्या अभ्यासातून दिसले, की नसेच्या गाभ्यात पोचण्याआधी तो नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींत वस्ती करतो. त्यातही त्याला कातडीजवळच्या, थंड जागच्या नसा लागतात: कोपरामागची, मनगटातली, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतल्या बाजूची, चेहऱ्याची. हात वाकडा होणे, पाऊल लटकणे, पापणी न मिटणे हा रोगाचा ठरलेला नकाशा या थंड जागांनी आखून दिलेला आहे.

आत शिरल्यावर तो काय करतो? इथे शास्त्रज्ञांत खरा वाद आहे, आणि या विषयातला सर्वांत रसाळ भागही हाच.

एक पक्ष म्हणतो, जंतू स्वतःच नस बिघडवतो. २००२ मध्ये रामबुक्काना यांच्या गटाने टी आणि बी पेशी नसलेल्या, म्हणजे रोगप्रतिकाराची मुख्य फौजच नसलेल्या उंदरांच्या नसांत हा जंतू सोडला. तरीही मायलिनचे वेढे सुटले. मेलेल्या जंतूने, त्याच्या कवचाच्या अंशाने, नुसत्या पीजीएल-१ नेसुद्धा सुटले. २००६ मध्ये त्यांनी दाखवले, की जंतू श्वॅन पेशीवरच्या एर्बबी-२ या ग्राहीला थेट चालू करतो आणि ‘वेष्टन सोड’ असा संदेश आत जातो. मायलिन सुटले, की श्वॅन पेशी अर्धवट बालपणी परतते, आणि अशी पेशी जंतूला अधिक सोयीची असते. २०१३ मध्ये तर याच गटाने, आता एडिनबरोहून, उंदरांच्या पेशींत दाखवले, की जंतू प्रौढ श्वॅन पेशीची ओळखच पुसून तिला मूलपेशीसारखी करतो आणि ती मग त्याला घेऊन दुसऱ्या ऊतींत शिरते. ब्राझीलमधल्या संशोधकांनी आणखी एक साधी पण घातक गोष्ट हेरली. जंतू बसलेली श्वॅन पेशी ग्लुकोज जास्त ओढते, आपल्या पोटात चरबीचे थेंब साठवते आणि बाहेर लॅक्टेट कमी सोडते. हे लॅक्टेट म्हणजे तंतूचे अन्न. जंतूला पोसताना सांभाळणारी पेशी तंतूला उपाशी ठेवते.

हे सारे पटण्यासारखे आहे, पण दवाखान्यातली एक गोष्ट त्यात बसत नाही. ज्या रुग्णांच्या शरीरात जंतूंची संख्या अफाट असते, ज्यांच्या नसांत जंतू ठासून भरलेले असतात, त्यांच्या नसा बऱ्याचदा वर्षानुवर्षे काम करत राहतात आणि सावकाश बिघडतात. उलट ज्यांच्या नसेत जंतू शोधूनही सापडत नाही, अशा रुग्णाची एखादी नस काही आठवड्यांत बसते. जंतूच थेट मारेकरी असता तर हे उलटे व्हायला हवे होते. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या रोगाची जी वर्गवारी केली ती मुळात शरीर जंतूला किती विरोध करते यावर बेतलेली आहे. विरोध जितका प्रखर तितके जंतू कमी, आणि नसेवरचा घाला तितका अचानक.

म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, नस मारते ते आपले शरीरच. २००१ मध्ये माणसाच्या श्वॅन पेशींवर झालेल्या प्रयोगात दिसले, की जंतू शिरलेली श्वॅन पेशी त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, त्यावरून टी पेशी तिला ओळखतात आणि ठार करतात. या पेशींनी सोडलेल्या टीएनएफसारख्या द्रव्यांनी सूज येते. नस मुळात एका चिवट, न ताणणाऱ्या आवरणात बांधलेली असते. मोड आणायला फडक्यात गच्च आवळून ठेवलेली मटकी फुगू लागली की फडके ताठ होते, तसे इथे होते. फरक इतकाच, की आतले तंतू दाबले जातात आणि त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. कोपरामागची नस हाडाच्या अरुंद खोबणीतून जाते, तिथे तर फुगायला जागाच नसते.

२०१७ मध्ये एक तिसरी वाट समोर आली आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. बडोद्यात वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन, त्यांच्या सहकारी क्रेसिडा मॅडिगन आणि इतरांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिलांत हा जंतू सोडून नस जिवंतपणी बिघडताना पाहिली. नसांवर गस्त घालणाऱ्या भक्षक पेशी जंतू गिळतात. त्याच्यावरचे पीजीएल-१ त्यांना नायट्रिक ऑक्साइड हा वायू अधिक प्रमाणात तयार करायला लावते. शेजारच्या तंतूंतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका त्या वायूने सुजतात, मायलिन सुटते. या माशांत हे घडण्याच्या वेळी टी पेशींचा अजून पत्ताच नसतो. एका साध्या, नस न बिघडवणाऱ्या जंतूला पीजीएल-१ बनवण्याची जनुके देताच तोही हेच करू लागला. घातक द्रव्य जंतूचे नव्हते. मदतीला धावलेल्या पेशीचे होते.

मला हा वाद एका पक्षाने जिंकण्यातला वाटत नाही. उंदराच्या नसेत एकदम टोचलेले लाखो जंतू आणि माणसात पाच-दहा वर्षे मुरत गेलेला रोग यांत फरक राहणारच. पहिली ठिणगी बहुधा भक्षक पेशींची, मधली वर्षे श्वॅन पेशीच्या उपासमारीची आणि अचानक येणारे झटके टी पेशींचे, अशी मांडणी पुराव्याला धरून वाटते. यातल्या एकाही टप्प्याचा वेग जंतूंच्या संख्येवर सरळ अवलंबून नाही, आणि काही टप्प्यांना तर जिवंत जंतूची गरजच नाही. मेलेल्या जंतूचे कवच नसेत दीर्घकाळ पडून राहते, पीजीएल-१ सकट. शरीर त्याच्याशी भांडत राहते.

आता उपचाराकडे वळू. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांची बहुऔषधी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१-८२ मध्ये पुढे आणली आणि तिने चमत्कार केला, हे निर्विवाद आहे. कोट्यवधी माणसे जंतुमुक्त झाली. पण १९९१ च्या जागतिक आरोग्य परिषदेने ‘निर्मूलन’ या शब्दाची व्याख्या केली ती दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी नोंदणीकृत रुग्ण अशी. नोंदणीत रुग्ण राहतो गोळ्या चालू असेपर्यंत. पूर्वी चोवीस महिने चालणारा उपचार १९९०च्या दशकाच्या अखेरीस बारा महिन्यांवर आणला गेला. तो बदल वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता, पण त्यामुळे नवा रुग्ण एकही कमी न होता नोंदवहीतला आकडा उतरतो. २००५ च्या डिसेंबरात भारताने ही रेघ ओलांडली. पेढे वाटून झाले, स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, आणि कोपरामागे बोटे ठेवून नस चाचपणारे अनुभवी कर्मचारी एकेक करून निवृत्त होत गेले. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास.

नस चाचपणे ही यंत्राने होणारी गोष्ट नाही. चांगला कुष्ठरोग तंत्रज्ञ रुग्णाचा हात आपल्या हातावर सैल टेकवतो, कोपराच्या मागच्या खोबणीत दोन बोटे फिरवतो आणि दोन्ही बाजूंची जाडी ताडून पाहतो. बोलता बोलता त्याची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असते, कारण नस दुखरी असेल तर ओठ आधी हलतात. मग रुग्णाने डोळे मिटायचे. तळहातावर ठरावीक ठिकाणी बॉलपेनचे टोक हलके टेकवले जाते आणि टेकले तिथे त्याने दुसऱ्या हाताचे बोट ठेवायचे. करंगळीच्या बाजूला बोट दोन इंच चुकले की कागदावरच्या हाताच्या चित्रात तिथे फुली. शेवटी दोन बोटांच्या मध्ये कागदाचा कपटा धरायला सांगून ओढायचा. सहज सुटला तर स्नायू कमजोर. वीस मिनिटांचे काम आहे. दर भेटीत केले, तर गेल्या महिन्याच्या आणि या महिन्याच्या कागदांतला फरक बोलतो. केले नाही, तर भाकरी तव्यावर उलटताना बाईच्या बोटाला फोड येतो, तिला कळत नाही, आणि महिन्याभराने जखम घेऊन ती येते तेव्हा नस जाऊन बराच काळ लोटलेला असतो. विदर्भात कापूस निघाल्यावर शेतात उरलेल्या पऱ्हाटीच्या खुंटांवरून अनवाणी चालणाऱ्या माणसाचे तेच. त्यात घामाचे तंतू आधीच मेलेले, म्हणून कातडी कोरडी आणि टाचा भेगाळलेल्या.

या वीस मिनिटांचे मोल वेळेमुळे आहे. नस नुकतीच बिघडू लागली असेल, साधारण सहा महिन्यांच्या आतली असेल, तर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन ती बऱ्याच जणांत काही प्रमाणात परत येते. त्यानंतर सहसा येत नाही, कारण सूज ओसरली तरी मेलेले तंतू आणि मागे उरलेला वण कायम राहतो. विद्युत चाचण्यांत बिघाड बॉलपेनच्या चाचणीच्या काही आठवडे आधी, कधी तीन महिने आधीही दिसतो, हे भारतातल्याच एका मोठ्या अभ्यासाने दाखवले आहे. स्टिरॉइड हे रामबाण औषध आहे असे मात्र कोणी समजू नये. बांगलादेश आणि नेपाळमधल्या चाचणीत बहुऔषधी उपचाराच्या पहिल्या चार महिन्यांत ते खबरदारी म्हणून सरसकट दिले; तेव्हा फायदा दिसला, वर्षाअखेर तो टिकला नाही. पुढे नस बिघडू लागलेल्या रुग्णांना ते वीस आठवड्यांऐवजी बत्तीस आठवडे देऊन पाहिले, तरी निकाल बदलला नाही. पेशींची गोष्ट वाचलेल्याला याचे आश्चर्य वाटू नये: स्टिरॉइड टी पेशींना शांत करते, श्वॅन पेशीची उपासमार ते थांबवत नाही.

यावर सरकारी बाजूचे एक उत्तर असते आणि ते टाकाऊ नाही. जंतू मारणे हाच प्रसार थांबवण्याचा मार्ग, प्रसार थांबला की पुढच्या पिढीच्या नसा आपोआप वाचतील, आणि नवीन रुग्णांत दृश्य विकृती किती हे आम्ही मोजतोच. खरे आहे. पण ते मोजमाप निदानाच्या दिवसाचे आहे. गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर वर्षाने ज्याचा हात वाकडा झाला, तो त्या रकान्यात येत नाही. तो ‘उपचार पूर्ण’ या रकान्यात कधीच गेलेला असतो. क्षयाच्या कार्यक्रमाची नक्कल इथे चालत नाही, कारण क्षयात जंतू संपला की लढाई बहुतांशी संपते.

महाराष्ट्रालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांचे दत्तपूर, १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन, १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन: कुष्ठरोग्याला माणूस म्हणून उभे करण्यात या प्रांताने जे केले ते देशात अन्यत्र क्वचितच झाले. (त्याआधी १८९० मध्ये मुंबईत कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारणारे आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ हे होते, वडाळ्याच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे.) पण मराठीत कुष्ठरोगावर जे लिहिले गेले ते जवळजवळ सगळे सेवेच्या आणि करुणेच्या भाषेत. करुणा साहजिकच त्या माणसाकडे वळते ज्याची नस मरून चुकली आहे. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारदेकरांनी घरोघर पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत बसवली, किंवा मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये १९८०च्या दशकात काचेच्या बशीत नसा वाढवून त्यांत हा जंतू सोडण्याचे जे काम झाले, त्याचा उल्लेख किती मराठी पुस्तकांत सापडतो? नस मरण्याआधीच्या वर्षांत काय घडते हे विचारणारी माणसे आपल्यातच होती. आपण त्यांना वाचले नाही.

मागणी साधी आहे. बहुऔषधी उपचार घेणाऱ्या प्रत्येकाची नस-तपासणी दर महिन्याला व्हावी आणि उपचार संपल्यानंतर निदान दोन वर्षे चालू राहावी; तिचे कागद रुग्णाच्या हाती असावेत; आणि जिल्ह्याचे यश सांगताना उपचारानंतर किती जणांच्या नसा शाबूत राहिल्या हा आकडाही छापावा. यासाठी नवे औषध लागत नाही, शिकवलेली बोटे लागतात. आणि वाचकाला इतकेच: घरात कोणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गोळ्या फुकट मिळतात. पण तिथे चट्टा दाखवून परत फिरू नका, कोपर, मनगट आणि घोट्याच्या नसाही तपासायला सांगा. उपचार पुरा झालेल्या माणसाच्या हातापायाला नव्याने मुंग्या आल्या, बोटांत जोर कमी वाटला किंवा डोळा नीट मिटेना झाला, तर ‘तो तर बरा झालाय’ असे म्हणून थांबू नका; त्याच आठवड्यात दाखवा.